पैसा येतो तेव्हा तलाव भरलेला असतो

डिसेंबर लागला की नागपुरात सरकार मुक्कामाला येतं. सिव्हिल लाइन्सचे रस्ते गुळगुळीत होतात, मंत्र्यांच्या मुक्कामाच्या रवी भवन आणि नाग भवनाच्या भिंतींना रंग लागतो, १६० खोल्यांच्या गाळ्यांत पुन्हा माणसं दिसू लागतात आणि यशवंत स्टेडियमवरून निघणाऱ्या मोर्च्यांना अडवायला मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर बॅरिकेड्स लागतात. वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात भरवायचं, असं १९५३च्या नागपूर करारात ठरलं होतं. १९५६ साली या शहराचं राजधानीपण गेलं, अधिवेशनाचा शब्द तेवढा राहिला.

अर्थसंकल्प मात्र इथे मांडला जात नाही. तो मुंबईत, बहुतेक वेळा मार्च महिन्यात. आमच्या विधानभवनात येतात त्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पात धरलेला पैसा पुरला नाही म्हणून वरून मागितलेला पैसा. डिसेंबर २०२३मध्ये इथे ५५,५२० कोटी रुपयांच्या मागण्या मांडल्या गेल्या. पुढच्या जुलैत मुंबईत ९४,८८९ कोटींच्या आल्या, आणि तेव्हा त्या वर्षाचा पूर्ण अर्थसंकल्प मांडून दोन आठवडेही झाले नव्हते. अशा वेळी वर्तमानपत्रांत आकडे ठळक छापून येतात. सरकार उधळपट्टी करतंय की विकासाला हात सैल सोडतंय, यावर दोन दिवस वाद होतो. मला त्या आकड्यांपेक्षा तारखांची काळजी जास्त वाटते. पैसा किती, हे सगळे विचारतात. कधी, हे फार थोडे.

माझी सगळी नोकरी लेखा शाखेत गेली. बिल आलं की मोजमाप पुस्तिकेशी ताळा घालायचा, लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कुठल्या कामासाठीचा ते, बघायचं, वजावटी तपासायच्या आणि शेवटी त्या शीर्षाखाली शिल्लक किती आहे ते पाहायचं. पूर्वी रजिस्टरमध्ये बघायचो, नंतर बीडीएस आली, ती निधी वाटपाची संगणक प्रणाली. शिल्लक शून्य असली की बिलावर शेरा पडायचा : निधी उपलब्ध नाही. काम झालेलं असे. शाखा अभियंत्याची सही असे. त्या कामाला विधिमंडळाने पैसा मंजूर केलेला असे. फक्त तो आमच्या टेबलापर्यंत पोचलेला नसे. समोरच्या माणसाने 'मग कधी येऊ?' विचारलं तर द्यायला आमच्याकडे तारीख नसायची, आणि ते मला शेवटपर्यंत टोचत राहिलं.

हा पैसा पोचतो कसा, ते थोडं सांगते, कारण उशीर नेमका कुठे मुरतो ते त्याशिवाय कळत नाही. राज्यघटनेच्या २०२व्या अनुच्छेदाप्रमाणे वर्षाचं वित्तीय विवरणपत्र विधिमंडळापुढे येतं, मग खात्यांच्या मागण्या मंजूर होतात, मग विनियोजन विधेयक. तोवर तिजोरीतून एक रुपया काढता येत नाही. वेळेत झालं नाही तर २०६व्या अनुच्छेदात लेखानुदानाची सोय आहे, काही महिन्यांपुरता आगाऊ खर्च मंजूर करून घ्यायची. इथपर्यंतचं लोकांना टीव्हीवर दिसतं. पुढचं दिसत नाही. वित्त विभाग परिपत्रक काढून सांगतो की मंजूर रकमेपैकी तूर्त अमुक टक्केच वापरा. मग तो पैसा मंत्रालयातल्या विभागाकडून नियंत्रक अधिकाऱ्याकडे, तिथून जिल्ह्याच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे पैसा काढून वाटणाऱ्याकडे, उतरतो. नवं काम असेल तर प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. यातली एकही पायरी वायफळ नाही. मी स्वतः त्यांवर सह्या केल्या आहेत आणि त्या का हव्यात हे मला माहीत आहे. पण यातली प्रत्येक पायरी पहिली पायरी कधी चढली यावर अवलंबून असते. वर एक महिना उशीर झाला की खाली गावात तो तीन-चार महिन्यांचा होऊन पोचतो.

आणि गावाला स्वतःचं वेळापत्रक असतं. ते ऊन-पावसाचं असतं.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, साकोलीकडचं. आमच्या पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत, मामा तलाव आहेत. माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले, जमिनीचा उतार बघून एकाखाली एक असे रचलेले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची गावावरची मालकी, गेली आणि हे हजारो तलाव सरकारच्या ताब्यात आले. आज त्यांतले शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे आहेत. धानाची रोवणी झाल्यावर पावसाने दडी मारली तर बांधीतलं धान या तलावांवर जगतं. ढिवरांची मासेमारी यांवर, गुराढोरांचं पाणी यांवर, गावच्या विहिरींचा झरा यांवर.

तलावाला लागतं ते फार थोडं. गाळ काढायचा, पाळ बळकट करायची, गेट दुरुस्त करायचं, सांडवा मोकळा करायचा. पण हे करता येतं कधी? पावसाळ्यात तलाव भरलेला. दिवाळीपर्यंत धानाला पाणी सुटतं. हिवाळ्यात तळ ओला, चिखल, मशीन रुतते. मार्चपासून कडा उघड्या पडू लागतात आणि एप्रिल-मेमध्ये, आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो तेव्हा, तळाला भेगा पडतात. तेवढाच तो काळ. जूनच्या मध्यावर पाऊस आला की संपलं.

आता सरकारी वर्ष बघा. ३१ मार्चला ते संपतं. जो पैसा त्या रात्रीपर्यंत खर्ची पडला नाही तो व्यपगत होतो, परत जातो. म्हणजे तळ कोरडा व्हायला लागतो नेमका तेव्हा जुना पैसा मरतो. नवा पैसा अर्थसंकल्प वेळेत झाला तरी मे उजाडता उजाडता हलायला लागतो. अर्थसंकल्प लांबला तर तो पावसात येतो. माझ्या भावाने एकदा मला पाळीवर उभं करून विचारलं होतं, "ताई, तू हिशेबातली हायेस नं, मग सांग, पाण्यानं भरलेल्या तलावातला गाळ कसा काढतेत?" काम मंजूर होतं, रक्कम मंजूर होती, गावाने ट्रॅक्टर लावायची तयारी दाखवली होती, गाळ शेतात टाकायला लोक रांगेत होते. ऑगस्ट महिना होता आणि तलाव काठोकाठ. पुढच्या मार्चमध्ये तो पैसा परत गेला, कारण मार्चमध्ये तळात अजून चिखल होता.

हे एका गावाचं दुर्दैव असतं तर मी लिहिलं नसतं. शेततळी, नाला खोलीकरण, पाणंद रस्ते, शाळेच्या छताची दुरुस्ती, पाइपलाइन, जे जे काम जमिनीवर उघड्यावर होतं ते आमच्याकडे ऑक्टोबर ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच होतं. त्या हंगामाच्या मध्येच आपण हिशेबाचं वर्ष तोडतो. मृगाचं बियाणं दसऱ्याला हातात द्यावं तसं हे आहे. सरकारी कागदावर मात्र ते 'वेळेत वितरित' म्हणून नोंदलं जातं.

एप्रिल ते मार्च हे वर्ष आपल्या पावसाकडे बघून ठरलंच नव्हतं. १८६७ साली ब्रिटिश सरकारने आपल्या देशातल्या वर्षाशी जुळावं म्हणून ते इथे लावलं. त्याआधी वर्ष मेपासून सुरू व्हायचं. एल. के. झा यांच्या समितीने १९८५ साली जानेवारी ते डिसेंबर वर्ष सुचवलं होतं, आणि त्यामागे मुख्य विचार होता तो मोसमी पावसाचा : पाऊस कसा झाला हे कळल्यावर अर्थसंकल्प बनवा. ते मान्य झालं नाही. २०१६ साली शंकर आचार्य समितीने पुन्हा हा प्रश्न तपासला. मध्य प्रदेशाने २०१७मध्ये जानेवारीपासून वर्ष सुरू करण्याची घोषणा केली, ती अंमलात आली नाही. सबंध देशाचं वर्ष बदलणं सोपं नाही, कर, बँका, कंपन्या सगळं त्याला जोडलेलं आहे, हे मला कळतं. पण वर्ष तेच ठेवूनही बरंच करता येतं.

केंद्राने एक गोष्ट केली, तिचं श्रेय द्यायला हवं. पूर्वी केंद्राचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी यायचा, मग एप्रिल-मेसाठी लेखानुदान घ्यायचं आणि पूर्ण मंजुरी मे महिन्यात. म्हणजे खात्यांच्या हातात नव्या कामांचा पैसा पडायला पाऊस लागायचा. २०१७पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडू लागले, रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प त्यातच मिळवला, योजना आणि योजनेतर खर्चाची जुनी फाळणी काढून टाकली आणि ३१ मार्चपूर्वी सगळी मंजुरी पुरी करायचा पायंडा पाडला. एप्रिलच्या पहिल्या तारखेला पैसा वापरता येतो, हा एवढासा बदल शेकडो योजनांहून मोलाचा आहे असं माझं मत आहे.

आपल्या राज्यात काय होतं? २०२५-२६चा अर्थसंकल्प १० मार्च २०२५ला मांडला गेला. मार्चमध्ये मांडून मार्चमध्येच मंजूर करायचा म्हणजे खात्यांच्या मागण्यांवरची चर्चा काही दिवसांत आटपावी लागते, आणि ज्यांच्यावर बोलायला वेळ उरला नाही त्या शेवटच्या दिवशी एकगठ्ठा मताला टाकल्या जातात. लोकसभेत १९९३पासून खात्यांशी संलग्न स्थायी समित्या आहेत, त्या मागण्या बारकाईने वाचतात. केरळने तर १९८० सालीच विषय समित्या नेमल्या. वाचायला वेळ मिळाला की कुणीतरी विचारतं, अहो, हा तलावाचा पैसा मार्चमध्ये कसा खर्च होणार?

२०२४-२५ हे वर्ष मी निवृत्त झाल्यावर, बाहेर बसून पाहिलं, म्हणून ते जास्त स्पष्ट दिसलं. लोकसभेची निवडणूक होती, म्हणून २७ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प आला आणि लेखानुदान घेतलं गेलं. घटनेला धरून आणि रिवाजाला धरून ते बरोबरच होतं. १६ मार्चला आचारसंहिता लागली, नागपूरने १९ एप्रिलला मतदान केलं, निकाल जूनमध्ये आला. पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला. त्यानंतर साडेतीन महिने पावसाचे. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, २३ नोव्हेंबरला निकाल. नवं सरकार स्थिरस्थावर होऊन नागपूरचं अधिवेशन आटोपेपर्यंत डिसेंबर उतरणीला लागलेला. म्हणजे नव्या कामाला कोरडी जमीन आणि मोकळा कायदा, दोन्ही एकदम मिळाले ते फक्त जानेवारी ते मार्च. त्या तीन महिन्यांत वर्षभराची कामं उरकायची. हे कुणा एका पक्षाचं पाप म्हणून मी सांगत नाही. निवडणूक येणार हे पाच वर्षं आधी माहीत असतं. मग निदान चालू कामांपुरता, आधीच कार्यारंभ आदेश दिलेल्या कामांपुरता, वर्षभराचा पैसा त्या फेब्रुवारीतच का मंजूर करू नये? नव्या घोषणा नव्या सरकारने कराव्यात. अर्धवट बांधलेल्या वर्गखोलीला आचारसंहिता कशाला?

खालच्या पातळीवर तर याहून वाईट. नागपूर महापालिकेचा अर्थसंकल्प स्थायी समितीने जूनमध्ये मांडल्याची वर्षं आहेत, २०१८ आणि २०१९ ही त्यांतली. एप्रिल, मे गेल्यावर. मग मार्च २०२२मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत, जवळजवळ चार वर्षं, प्रशासकाने अर्थसंकल्प मांडला आणि प्रशासकानेच मंजूर केला. गटार कुठलं आधी, पथदिवे कुठले आधी, हे विचारायला वॉर्डातला निवडून आलेला माणूसच नव्हता.

पैसा थांबला म्हणून काम थांबतं, असं आपण धरून चालतो. तसं नेहमी होत नाही, आणि माझं खरं म्हणणं इथे आहे. कितीतरी कामं थांबतच नाहीत, कारण ती थांबवताच येत नाहीत. मग सरकारच्या जागी दुसरं कुणीतरी पैसे घालतं.

माझी वहिनी गावातल्या बचत गटात आहे. गट अंगणवाडीला गरम ताजा आहार पुरवतो. केंद्राने २०१७ साली ठरवलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये. त्यात तेल, डाळ, तिखट-मीठ, भाजी, सरपण नाहीतर सिलिंडर. बिल महिन्याच्या महिन्याला निघावं अशी अपेक्षा. एकदा ते इतकं रखडलं की गटाच्या खात्यात काहीच उरलं नाही. मी फोनवर सहज म्हटलं, मग काही दिवस बंद ठेवा ना. ती रागावली नाही, पण तिचा आवाज बदलला. "लेकरायले सांगता येते का वो ताई, का बजेट नाही आलं म्हणून आज खिचडी नाही? ते ताटली घेऊन येऊन बसतेत." मग तिने काय केलं? किराणावाल्या भाऊंच्या वहीत उधारी वाढवली. ते भाऊ इतवारीच्या ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल आणत होते, आणि त्यांना महिन्याला दोन टक्के पडत होते. गटातल्या एकीने कानातलं गहाण टाकलं. म्हणजे अंगणवाडीतल्या खिचडीचा खर्च त्या महिन्यांत राज्याने केलाच नव्हता. तो एका बाईच्या कानातल्याने केला होता. बिल शेवटी निघालं, पूर्ण निघालं, एक रुपयाही कापला नाही. पण व्याज कुणी दिलं? गहाणाचं व्याज ती भरत राहिली. सरकारी हिशेबात ते कुठेच नाही.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायांचंही तेच. राज्यात त्यांना महिन्याला अडीच हजार रुपये मानधन मिळतं, तेही अलीकडे वाढलेलं. केंद्राचा धरलेला दर २००९पासून महिन्याला हजारच आहे. एवढं थोडं मानधन तीन-चार महिने थांबलं तर ते घर कशावर चालतं, याचा विचार करून बघा.

आणि छोटे कंत्राटदार. कंत्राटदार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या गाडीतला, राजकारण्यांच्या मागे-पुढे करणारा माणूस येतो. तसेही आहेत. पण सार्वजनिक बांधकामाच्या छोट्या कामांत सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदलेली पोरं असतात, मजूर सहकारी संस्था असतात, त्यांच्यासाठी कामांचा वाटाच राखून ठेवलेला आहे. काटोल, उमरेड, कुहीकडची ही शेतकऱ्यांची पोरं डिप्लोमा नाहीतर डिग्री करून येतात, घरची जमीन तारण ठेवतात, पहिलं काम घेतात. गिट्टीवाला रोख मागतो, सिमेंटवाला पंधरा दिवस थांबतो, मजुराला शनिवारी द्यावेच लागतात, जीएसटी वेळेवर भरावा लागतो. फक्त सरकार थांबायला सांगतं. २०२५च्या हिवाळी अधिवेशनाआधी नागपुरातल्या कंत्राटदारांनी जुनी बिलं थकली म्हणून अधिवेशनाच्या कामांवरच बहिष्कार टाकला, तेव्हा शहराला ही गोष्ट पहिल्यांदा ठसठशीतपणे कळली. ज्या इमारतीत पुरवणी मागण्या मंजूर व्हायच्या, तिच्या रंगरंगोटीचं मागलं बिल बाकी होतं.

याचा पुढचा परिणाम कुणी मोजत नाही. ज्याच्याकडे भांडवल आहे तो निविदेत उशिराचा खर्च आधीच धरतो. ज्याच्याकडे नाही तो एका-दोन कामांत संपतो आणि परत येत नाही. हळूहळू छोटी माणसं बाहेर पडतात, निविदा भरणारे कमी होतात, दर चढतात. पैसा उशिरा देऊन आपण खर्च वाचवत नाही, तो वाढवतो. गोसीखुर्द धरणाचं उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर आहे : २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, आणि पुढे तो हजारो कोटींवर गेला. तिथे फक्त निधीचा उशीर नव्हता, पुनर्वसन होतं, गैरव्यवहारांच्या चौकश्या होत्या. तरीही वर्षाला तुकडा-तुकडा पैसा मिळत गेलेल्या प्रकल्पाचं काय होतं ते वैनगंगेच्या काठी जाऊन पाहता येतं.

वित्त विभागाची बाजू मी समजू शकते. तिथली माणसं दुष्ट नाहीत. उत्पन्न वर्षभर सारखं येत नाही, रिझर्व्ह बँकेकडून उचल घेण्याला मर्यादा आहे, आणि पगार, निवृत्तिवेतन, व्याज हे पहिल्या तारखेला द्यावंच लागतं. त्यात माझं निवृत्तिवेतनही आलं. मग कात्री लागते ती ज्याला थांबवता येतं त्याला. मे २०२०मध्ये कोरोनाच्या संकटात राज्याने विकासाच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली, फक्त ३३ टक्के निधी मिळेल असा निर्णय काढला. ते संकट खरं होतं, निर्णय उघडपणे, लेखी झाला, आणि म्हणून मला तो प्रामाणिक वाटला. खात्यांना कळलं, कंत्राटदारांना कळलं, कुणी नवीन काम अंगावर घेतलं नाही. त्रास होतो तो न सांगता केलेल्या कपातीचा. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात शंभर रुपये, वाटपात साठ, तेही जानेवारीनंतर. गावाने शंभरावर विसंबून काम सुरू केलेलं असतं.

मार्चची घाई याच पोटी जन्मते. महालेखापरीक्षक आपल्या अहवालांत वर्षानुवर्षं तिच्यावर बोट ठेवत आले आहेत. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने आपल्या खात्यांना मर्यादा घालून दिली आहे, शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांपेक्षा आणि मार्चमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नको. मर्यादा चांगली आहे. पण पैसाच फेब्रुवारीत मिळाला तर खालचा अधिकारी ती पाळणार कशी? ३१ मार्चच्या रात्री मी तरुण मुलांना बीडीएससमोर बसून पान पुन्हा पुन्हा उघडताना पाहिलं आहे. रात्री साडेअकराला पैसा दिसायचा, बारापर्यंत बिल टाकायचं. त्या अर्ध्या तासात कुणी नीट तपासणी करू शकत नाही. मग कधी पैसा दुसऱ्या खात्यात काढून ठेवला जातो, कधी न झालेल्या कामाचं झालं म्हणून लिहिलं जातं. नंतर लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो, आणि त्यावर उत्तर लिहायला तोच तरुण बसतो. वरच्या उशिरावर आक्षेप कुणी घेत नाही.

मग करायचं काय? अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणावा आणि खात्यांच्या मागण्यांना महिनाभर द्यावा, हे तर उघड आहे. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हंगामी कामांच्या पैशाला ३० जूनपर्यंत आयुष्य देणं. तलाव, नाले, बंधारे, पाणंद रस्ते, एवढ्याच शीर्षांपुरतं. ज्या कामाचा कार्यारंभ आदेश मार्चपूर्वी निघाला आहे त्याचा पैसा ३१ मार्चला मरू नये. यासाठी वर्ष बदलायला नको. ही एक सवलत मिळाली तर पूर्व विदर्भातल्या मामा तलावांना दर वर्षी अडीच महिने मिळतील, आणि तेच तर त्यांचे खरे महिने.

दुसरं, थकलेली देणी दाखवा. आपलं सरकारी हिशेब ठेवणं रोखीवर चालतं. पैसा गेला तर खर्च, गेला नाही तर खर्चच नाही. त्यामुळे मार्चमध्ये हजारो बिलं अडवून ठेवली तर त्या वर्षाची तूट कमी दिसते, आणि कुणाला वाटतं की बरं चाललंय. सरकारने बाजारातून घेतलेलं कर्ज पुस्तकात छापलं जातं, रुपया रुपया. किराणावाल्या भाऊंकडून, सेंट्रिंगवाल्याकडून, अंगणवाडीच्या बायांकडून घेतलेलं छापलं जात नाही. रोखीवरून उपार्जित पद्धतीकडे, म्हणजे देणं झालं की लगेच खर्च धरण्याकडे, कसं जायचं याचा अभ्यास करायला महालेखापरीक्षकांनी २००२ साली लेखामानकांचं सल्लागार मंडळ नेमलं. तो प्रवास लांबचा आहे, पण तोवर निदान एक तक्ता अर्थसंकल्पासोबत द्यायला काय हरकत आहे? खातं, जिल्हा, मंजूर झालेली पण न दिलेली बिलं, सर्वांत जुनं बिल कधीचं. बीडीएस आणि कोषागाराच्या संगणकांच्या काळात हा तक्ता बनवायला एक दिवस पुरेल. मी त्याच कामात आयुष्य घालवलं आहे, मला ठाऊक आहे.

आणि तिसरं, व्याज. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा २००६चा कायदा खरेदीदाराला सांगतो की ४५ दिवसांत पैसे द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्या. २००५च्या रोजगार हमी कायद्याने मजुरी पंधरा दिवसांत न दिल्यास दिवसाला ०.०५ टक्के भरपाई ठेवली होती. तत्त्व मान्य आहे, कायद्यात आहे. ते बचत गटाच्या आहाराच्या बिलाला, स्वयंपाकी बाईच्या मानधनाला, पाच-दहा लाखांच्या कामाला आपोआप लागू व्हावं, मागणी अर्ज न करता. मागावं लागलं तर कुणी मागणार नाही. पुढचं काम त्याच कार्यालयाकडून मिळवायचं असतं, व्याज मागून कोण वाईट होईल? व्याजाची रक्कम वेगळ्या लेखाशीर्षाखाली दिसू द्या. उशिराला किंमत लागली की ती कुणाच्या तरी अर्थसंकल्पात येईल, आणि आली की कुणीतरी ती कमी करायला बघेल.

येत्या हिवाळी अधिवेशनात विदर्भातल्या आमदारांनी पुरवणी मागण्यांवर बोलताना रकमेआधी तारीख विचारावी. मागल्या ३१ मार्चला आपल्या जिल्ह्यात मंजूर असूनही निधीअभावी न दिलेली बिलं किती, तलाव दुरुस्तीचा किती पैसा परत गेला, आणि अंगणवाडी आहाराचं सर्वांत जुनं बिल कुठल्या महिन्याचं आहे. अतारांकित प्रश्न टाकला की खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. आमदारांनी नाही विचारलं तर आपण विचारू शकतो. माहिती अधिकाराच्या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आपल्या तालुक्याचं नाव घालायचं, हेच तीन प्रश्न लिहायचे, आणि जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे आणि महिला व बालकल्याण विभागांच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे एकेक अर्ज द्यायचा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. भंडाऱ्याचे दोन अर्ज मी लिहून ठेवले आहेत. कुही, भिवापूर आणि रामटेकसाठी तिथलंच कुणी पुढे आलं तर मसुदा करून द्यायला मी तयार आहे.